वर्षाला चार चित्रकला स्पर्धा, पण चित्रकलेचा तास एकही नाही: पालकांनी नेमके काय मागावे?

सागरवाटा (गुहागर तालुका)

नमस्कार. गुहागर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आमचे घर आहे आणि माझी मुलगी गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. शाळा पहिली ते सातवीपर्यंत आहे, पट ४१ आणि शिक्षक तीन. तिघेही मनापासून शिकवतात, हे आधीच नमूद करते. पुढचे लिखाण त्यांच्याविरुद्धची तक्रार म्हणून कोणी वाचू नये. गेल्या जूनपासून मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे.

वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास ‘कला’ असा लिहिलेला आहे. प्रत्यक्षात त्या तासाला राहिलेले गणित पुरे होते, नाहीतर गुरुजी मोबाइलवर कसली तरी माहिती भरत बसतात आणि मुले मैदानात जातात. स्पर्धेचे परिपत्रक आले की मात्र चित्रकला एकाएकी महत्त्वाची होते. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी चार स्पर्धांत भाग घेतला. एक स्वातंत्र्यदिनाची केंद्रस्तरीय (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची), एक पतसंस्थेची, एक स्वच्छता मोहिमेतली आणि एक कोणा खासगी संस्थेची. या शेवटच्या संस्थेने मुलामागे ८० रुपये घेतले आणि भाग घेतलेल्या झाडून सगळ्यांना सोनेरी पदके पाठवली. मुलगी दोन दिवस ते पदक गळ्यात घालून फिरली. तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्या मुलाचे पदक पाहिले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि स्वतःचे खुंटीला अडकवले. ते अजून तिथेच आहे.

पदकापेक्षा मला चित्राचे अधिक वाटले. पतसंस्थेच्या स्पर्धेचा विषय ‘माझे गाव’ असा होता. मुलीने दोन टोकदार त्रिकोणी डोंगर काढले, मधून उगवणारा सूर्य, तिथून वळणे घेत येणारी निळी नदी आणि काठावर एक झोपडी. आमच्याकडचे डोंगर टोकदार नाहीत, माथ्यावर सपाट सडा, म्हणजे कातळाचे पठार आहे. नदी नाही, खाडी आहे. आमचे घर जांभ्याचे आणि कौलारू आहे, समोर मासळी वाळवायचा मांडव आहे, आणि त्या मांडवाखालून ती रोज शाळेत जाते. मी विचारले, “यात आपलं गाव कुठं आहे?” ती म्हणाली, “स्पर्धेत असंच काढायचं असतं.” त्या चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. शाळेने ते कौतुकाने कार्यालयात लावले आणि आषाढ संपेपर्यंत कागद फुगून त्यावर बुरशी धरली.

पुढच्या महिन्यात समितीची सभा आहे. मुख्याध्यापकांनी “तुम्ही लेखी द्या, मी मांडतो” असे सांगितले आहे. तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, या वयाच्या मुलांना स्पर्धांचा खरोखर काही उपयोग होतो का; शाळेत चित्रकला नियमितपणे शिकवली जावी यासाठी आमच्यासारख्या लहान पटाच्या शाळेची समिती कायद्याने आणि व्यवहाराने काय मागू शकते; आणि स्पर्धा घ्यायचीच झाली तर ती कशी घ्यावी, म्हणजे मुले डोळ्यांसमोरचे गाव काढतील?

निवृत्त चित्रकला शिक्षक (रत्नागिरी)

सागरवाटाताई, माध्यमिक शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरीही सगळा दोष स्पर्धेच्या माथी मारू नये, असे मला वाटते. आपल्या मुलीने ते त्रिकोणी डोंगर स्पर्धेमुळे काढले नाहीत. वर्षभर तिला कोणी काही पाहायला आणि काढायला सांगितले नाही, म्हणून ऐन वेळी जे तयार हाताशी होते ते तिने काढले. स्पर्धेने फक्त ती उणीव उघडी पाडली.

स्पर्धा आणि परीक्षा यांतला फरक पालकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या राज्यात कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते. त्यांत प्रत्येकाला पहिला, दुसरा असा क्रमांक देत नाहीत. अ, ब, क अशा श्रेणी असतात. एकाला अ मिळाली म्हणून दुसऱ्याची जात नाही. वस्तुचित्रात समोर मांडलेली वस्तू दिसते तशी काढायची, स्मरणचित्रात पूर्वी पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा, संकल्पचित्रात आकार आणि रंगांची मांडणी करायची, आणि भूमिती व अक्षरलेखनात हात व नजर शिस्तीत ठेवायची. पाहणे, आठवणे, रचणे आणि नेमके आखणे या चार निरनिराळ्या शक्ती आहेत. ज्याने कोणी हा आराखडा केला त्याला मुलांचे शिक्षण कळत होते. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३.

आता या परीक्षेचे आम्ही शिक्षकांनी काय केले, तेही सांगितले पाहिजे. स्मरणचित्रासाठी आम्ही मुलांना तयार माणसे पाठ करून दिली. एक छत्रीवाला, एक पाठमोरी बाई, एक टोपलीवाला आणि एक धावणारा मुलगा. विषय बाजाराचा असो, जत्रेचा असो की पावसाळ्याचा, तीच चार माणसे जागा बदलून उभी राहत. श्रेणी उत्तम येत असे. एका वर्षी किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या एका मुलाने रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढण्याचे चित्र काढले. ते त्याने माडावर चढून पाहिल्यासारखे वरून काढले होते. जाळ्याचा अर्धचंद्र, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा आणि मध्ये पाणी. मी त्याला “क्षितिजरेषा कुठे आहे?” असे विचारून ते खोडायला लावले आणि डोळ्यांच्या पातळीवरून पुन्हा काढून घेतले. दुसरे चित्र नियमात बसणारे आणि निर्जीव झाले. त्याचे पहिले चित्र मी आज काढायला गेलो तर मला जमणार नाही.

तेव्हा चौथीच्या मुलीसाठी माझे मत स्पष्ट आहे. पाचवीपर्यंत क्रमांक देऊच नयेत. त्या वयात मूल महत्त्वाची वस्तू मोठी काढते, घराच्या भिंतीआडची माणसेही दाखवते. परीक्षकाला ती चूक वाटते, प्रत्यक्षात ते मुलाचे सांगणे असते. सहावीनंतर मात्र नजरेला वळण लावायला हवे, आणि त्यासाठी महागड्या साहित्याची गरज नाही. अर्ध्या करवंटीत पाणी भरून ती मुलाच्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली न्या. पाण्याची कड आधी सरळ रेघ दिसते, मग लंबगोल, मग वर्तुळ. पेल्याचे तोंड कसे काढायचे हे मी फळ्यावर वर्षानुवर्षे शिकवले, पण करवंटीने जे पाच मिनिटांत समजते ते फळ्याने महिन्यात समजत नाही. जांभ्याचा एक चिरा उन्हात ठेवलात तर तीन बाजूंच्या तीन छटा आणि पृष्ठभागाचा पोत, दोन्ही एकाच वेळी शिकवता येतात.

अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. त्यांनी लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाचे कुलाब्याचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यातून त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी झाली. ही गोष्ट मी वर्गात फार अभिमानाने सांगत असे. निवृत्तीनंतर तीच गोष्ट मला अस्वस्थ करते. जिल्हाधिकारी त्या देवळात गेलेच नसते तर? प्रत्येक वाडीत रॉथफील्ड येत नाही, म्हणून शाळेत पाहणारे माणूस हवे.

खाडीकाठचा (देवगड)

सर्वांचे म्हणणे वाचले. रोष पत्करून विरुद्ध बाजू मांडतो, कारण ताईंच्या सभेत ती कोणी ना कोणी मांडणारच आहे.

आमच्या शाळेत दोन वर्षे गणिताला शिक्षक नव्हता. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आम्ही पालकांनी आळीपाळीने करून घेतली. अशा वेळी समितीने पहिली मागणी चित्रकलेची केली तर गावातली चार माणसे हसतील आणि अधिकारी त्यांच्या आडून सुटतील. दुसरे असे की, ज्याच्या हातात कला आहे त्याचे शाळेवाचून अडत नाही. आमच्याकडे होडी बांधणारे मिस्त्री अख्ख्या होडीचा बाक कागदावर न काढता फळीवर खडूची एक रेघ मारून ठरवतात. ते कुठल्या चित्रकलेच्या तासाला बसले होते? आणि सर, सात गुणांसाठी मुलगा रंगांच्या बाटल्या आणि शिकवणीचे पैसे मागतो, हाही अनुभव आहे. मला चित्रकलेचा तिटकारा नाही. माझ्या वडिलांनी काढलेली तुळशीवृंदावनावरची नक्षी आम्ही अजून पुसू दिलेली नाही. पण आधी काय आणि नंतर काय, याचे उत्तर द्यावे.

सड्यावरचा (राजापूर)

खाडीकाठचे यांचा प्रश्न रास्त आहे. मी शिक्षण विभागात केंद्रप्रमुख म्हणून काम केले आहे, त्यामुळे आधी कायद्याचे सांगतो आणि मग त्यांच्याकडे वळतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांची संख्या शंभराहून अधिक असेल तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक (ठरावीक वेळेपुरते शिकवणारे) असावेत, अशी तरतूद आहे. आता रायगडच्या दक्षिणेपासून दोडामार्गापर्यंतच्या वाड्या डोळ्यांसमोर आणा. डोंगर, खाडी आणि मुंबईकडे गेलेली कुटुंबे यांमुळे आपल्याकडे शाळा पुष्कळ आणि पट लहान अशी स्थिती आहे. पहिली ते सातवी मिळून ४१ मुले असलेल्या शाळेला ही तरतूद कधीच लागू होणार नाही. म्हणजे कायदा कलेला विसरलेला नाही, पण त्याने घातलेला आकडा सपाट प्रदेशातल्या मोठ्या गावांना सोयीचा आहे. ‘आमच्या शाळेला कलाशिक्षक द्या’ असा अर्ज ताईंनी केला तर ‘पटसंख्येअभावी अनुज्ञेय नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर येईल, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल.

म्हणून मागणी शाळेची नको, केंद्राची असावी. एका केंद्रातील सर्व शाळांच्या सहावी-सातवीच्या मुलांची एकत्रित संख्या मांडा आणि त्या सर्वांसाठी मिळून आठवड्यातून एकेक दिवस फिरणारा एक निदेशक मागा. आजच्या नियमात तशी सोय लिहिलेली नाही, म्हणून ती हक्क म्हणून मिळणार नाही, मागणी म्हणूनच लावून धरावी लागेल. मात्र आठ-दहा समित्यांचे एकाच मजकुराचे ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेकडे गेले तर एका ओळीत उत्तर देणे अवघड होते, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलेले आहे.

समितीचे हात वाटतात तेवढे बांधलेले नसतात. याच कायद्याने समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम समितीकडे दिलेले आहे. त्या आराखड्यात बहुतेक ठिकाणी कुंपण, शौचालयाची दुरुस्ती आणि संगणक एवढेच लिहिले जाते. त्यात ‘कलेचा तास शनिवारी शेवटचा न ठेवता आठवड्याच्या मध्यावर दोन सलग तासिकांचा ठेवावा, आणि तो अन्य विषयास दिल्यास त्याची नोंद ठेवावी’ असे वाक्य लिहायला पैसे लागत नाहीत. मुलांकडून शुल्क घेणाऱ्या स्पर्धांना शाळेतून प्रवेश पाठवू नयेत, असाही ठराव करता येतो. सुट्या तासाचे चित्र अर्धवटच राहते, म्हणून तासिका सलग हव्यात, एवढी एक गोष्ट मात्र सोडू नका.

धोरणाचा आधार हवा असेल तर तोही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रमातील आणि अभ्यासक्रमाबाहेरील विषय, तसेच कला आणि विज्ञान, यांत कठोर भिंती नसाव्यात असे म्हटले आहे, आणि शालेय शिक्षणासाठीच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला शिक्षण हे अभ्यासाचे एक स्वतंत्र क्षेत्र मानले आहे. ठरावाच्या सुरुवातीला ही दोन वाक्ये घाला.

आता आधी काय आणि नंतर काय. आमच्या तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. तो सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यांत कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण अशी आपल्याच भागातली ठिकाणे आहेत. आमच्या केंद्रातल्या एका शाळेची मुले तिथे नेली होती. परत आल्यावर शिक्षकांनी मुलांना चौकटीच्या वहीत हत्ती काढायला लावला आणि मग तोच हत्ती शाळेच्या मैदानावर दोरी व फक्कीने खऱ्या आकाराचा आखायला सांगितले. मैदान अपुरे पडले. सोंड कुंपणाबाहेर जाऊ लागली, तेव्हा किती पटीने लहान करायचा यावर मुलांची जुंपली. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही. गणिताला शिक्षक नसताना चित्रकला मागू नये असे आपण म्हणता. मला वाटते दोन्ही मागावे, आणि एकाचा तास दुसऱ्याने खाऊ नये.

होडीच्या मिस्त्रींविषयी एवढेच म्हणेन की, ते वडिलांच्या हाताखाली दहा-बारा वर्षे रोज तास भरत होते. त्यांच्या नातवाला तो तास घरी मिळत नाही.

शाडू (कुडाळ)

माझा व्यवसाय गणपतींच्या मूर्तींचा आहे आणि आर्ट टीचर डिप्लोमाही केलेला आहे, म्हणून दोन्हीकडचे थोडे लिहितो.

आपल्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. आषाढ-श्रावणात खरी शाळा सुटली की मुले आमच्या शाळेत येऊन उभी राहतात आणि त्यांना हाकलले तरी जात नाहीत. यांतली तीन-चार मुले दरवर्षी हातात मातीचा गोळा घेतात, उंदीर करतात, मोदक करतात. सोंडेचा पीळ कुठून सुरू होतो, डोळे लिहिताना हात का टेकवून धरायचा, हे त्यांना कोणी धडा म्हणून सांगत नाही. एकदा एका मुलाला मी विचारले की, हे शाळेत दाखवतोस का? तो म्हणाला, “ह्यां काय चित्रकला न्हय.” चित्रकला म्हणजे कागद, रंगपेटी आणि स्पर्धा, असे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते.

आमच्याजवळच पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. सुट्या कागदांवरची चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या, असा तो प्रकार आहे, आणि कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही तिथे चालतो. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, हीसुद्धा मुलांना दाखवण्यासारखी आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने असतात, आणि एवढ्याशा वर्तुळात अवतार कसा बसवला आहे हे पाहिले की संकल्पचित्र म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र एक विनंती आहे. कारागिराला शाळेत बोलावले तर त्याला नारळ आणि शाल देऊन पाठवू नका. दिवसाची मजुरी द्या. त्याचा बुडालेला दिवस त्याच्या घरात मोजला जातो.

साहित्याविषयी. ताईंच्या चित्राला बुरशी आली, ती येणारच होती. कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कागद पाणी पितो, पोस्टर रंग वाळत नाही आणि वाळला तरी चिकट राहतो. दुर्दैवाने स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धा नेमक्या याच दिवसांत येतात. पावसाळ्यात कोळसा, पेन्सिल, तैलखडू आणि माती वापरावी, जलरंग दिवाळीनंतर काढावेत. रेखाटनाचा कोळसा घरी होतो. बोटापेक्षा बारीक, साल काढलेल्या वाळक्या काड्या पत्र्याच्या डब्यात घट्ट भराव्यात, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडावे आणि डबा चुलीच्या विस्तवात ठेवावा. भोकातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढून पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. आधी उघडला तर काड्यांची राख होते. हे काम मोठ्या माणसाने करावे. तांबडी मातीही रंग म्हणून चालते. ती पाण्यात ढवळून जाड रेती खाली बसू द्यावी, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावे आणि तळाशी राहिलेला मऊ गाळ डिंकाच्या पाण्यात खलावा. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळांच्या चुन्याच्या भिंतींवर कावेने केलेले लाल-पांढरे काम दिसते, त्याचाही रंग तांबड्या मातीचाच.

स्पर्धा घ्यायचीच असेल तर कागदावरचा विषय आधी जाहीर करू नका. मुलांना सकाळी बंदरावर, सड्यावर किंवा बाजारात न्या, अर्धा तास नुसते पाहू द्या, मग तिथेच काढू द्या. पालकांना दुपारी बोलवा. परीक्षकाने प्रत्येक मुलाजवळ बसून “हे काय आहे?” एवढे विचारावे. त्या उत्तरांनी निम्मे परीक्षण आपोआप होते, आणि घरून कोणी शिकवून पाठवले आहे तेही कळते.

निवृत्त चित्रकला शिक्षक (रत्नागिरी)

शाडू यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक पुरवणी. परीक्षक बाहेरचा असेल तर त्याला आधी गाव दाखवा, नाहीतर त्रिकोणी डोंगरांना पुन्हा बक्षीस मिळेल. चिपळूण तालुक्यात सावर्डे येथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट हे कला महाविद्यालय आहे. गुहागरहून ते फार दूर नाही. तिथल्या विद्यार्थ्यांना परीक्षक म्हणून न बोलावता मुलांच्या शेजारी बसून चित्र काढायला बोलावता आले तर पाहावे. मोठे माणूस चित्र काढताना चुकते, खोडते, पुन्हा काढते, हे आपल्या मुलांनी कधी पाहिलेलेच नसते.

सागरवाटा (गुहागर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. सभा परवा झाली, म्हणून जे घडले ते इथे कळवते.

खाडीकाठचे यांनी सांगितले तेच झाले. पहिल्याच मिनिटाला एका सदस्यांनी “आधी इंग्रजीचं बघा” असे म्हटले. मी राजापूरच्या हत्तीची हकिकत सांगितली. मुख्याध्यापक आधी गप्प होते, पण मैदान अपुरे पडल्याचे ऐकल्यावर त्यांनीच विचारले की, आपल्या मैदानात केवढा बसेल? त्यानंतर चर्चा वेगळ्या वाटेने गेली. दोन सलग तासिका बुधवारी दुपारी ठेवण्याचे ठरले आणि ते शाळा विकास आराखड्यात लिहिले गेले. शुल्क घेणाऱ्या स्पर्धांना शाळेतून प्रवेश न पाठवण्याचा ठरावही झाला, पण तो एकमताने झाला नाही. एका आईचे म्हणणे असे की, तिच्या मुलाला आयुष्यात मिळालेले ते एकच पदक आहे. मला त्यावर उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

केंद्रासाठी फिरत्या निदेशकाची मागणी करण्यास समितीने मान्यता दिली आहे. शेजारच्या तीन शाळांच्या समित्यांशी बोलणे झाले असून दोन तयार आहेत. तिसऱ्या शाळेचा पट यंदा नऊवर आला आहे आणि तिथे शाळा टिकेल की नाही हाच प्रश्न असल्याने त्यांनी सध्या थांबायचे ठरवले. ते मी समजू शकते.

सरांच्या एका मताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पाचवीपर्यंत क्रमांक नकोत हे पटले, पण सहावी-सातवीच्या मुलांनीही सभेत निरोप पाठवला होता की, आम्हाला नंबर हवेत. त्यांना नंबर हवेत आणि आम्हाला नकोत, तर निर्णय कोणाचा, यावर बरीच वादावादी झाली. शेवटी असे ठरले की यंदा सर्वांचीच चित्रे नुसती मांडायची, आणि पुढच्या वर्षी हाच प्रश्न मुलांना पुन्हा विचारायचा.

स्वातंत्र्यदिनाच्या केंद्रस्तरीय स्पर्धेत शाळा भाग घेणारच आहे, तिथे आमचा इलाज नाही. आमचे प्रदर्शन मात्र पाऊस गेल्यावर, मार्गशीर्षात, देवळाच्या सभामंडपात होईल. तोवरची चित्रे कुठे ठेवायची हा प्रश्न निघाला, तेव्हा एका आजोबांनी भाताचे बियाणे ठेवायची जुनी पत्र्याची पेटी देऊ केली. शाडू यांना एवढेच विचारायचे आहे की, कोळशाने काढलेली चित्रे एकमेकांवर रचून ठेवली तर पुसली जातात का, आणि मध्ये वर्तमानपत्र घातले तर चालते का?

शाडू (कुडाळ)

पुसली जातात. वर्तमानपत्राची शाई कागदाला लागते, म्हणून ते घालू नका, कोरा पातळ कागद घाला. पेटीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरा, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी पेटी उघडून चित्रे तासभर सावलीत वाऱ्यावर ठेवा. थेट उन्हात ठेवली तर कागद वाकतो.